ज्याचा डबा त्याच्या पाठीवर

सुजाताबाई, तुमच्या शोकसभेत मी भांडले.

तुम्ही असता तर कोपरानं ढोसून मला खाली बसवलं असतं आणि नंतर म्हणाला असतात, "झालं का तुयं? आता चहा पी." पण तुम्ही नव्हतात. तुमचा फोटो होता, आणि त्याला हार एवढा जाड घातला होता की नुसतं कपाळ दिसत होतं. मागे कुठल्या तरी कॅलेंडरवरून मोठं केलेलं बर्फाच्या डोंगराचं चित्र. चंद्रपूरच्या त्या सभागृहातले पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते आणि एकामागून एक वक्ते तुम्हाला शिखरावर चढवत होते. हिमकन्या काय, बर्फातली वाघीण काय. एकानं तर "बाईंनी हिमालयाच्या कुशीत देह ठेवला" असं ठोकून दिलं. मी शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हटलं, कुशीत कसला, मच्छर चावून गेल्या त्या. मेंदूत चढलेल्या हिवतापानं. बर्फात माणसं जगावीत म्हणून खोली बांधणारी बाई स्वतःच्या जिल्ह्यात डासापायी जाते, याची लाज वाटायला पाहिजे होती सगळ्यांना. तिथे तर माना डोलत होत्या.

पण मी उठले ते त्यासाठी नाही. ज्या पर्वतारोहण संस्थेसाठी तुम्ही वर हिमालयात पहिली निवारा-खोली बांधलीत, तिचे सचिवसाहेब खास दिल्लीहून आले होते. त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्या खोलीला तुमचं नाव देणार. तीच खोली, जिच्या भिंती तुमच्या चामोर्शीच्या शेडमध्ये तयार होऊन पडल्या आहेत. लोकांना भरून आलं. त्याच दमात साहेब पुढे म्हणाले, "सुजाताजींचे काही नियम फार कडक होते. ते आता जरा व्यवहार्य करतो आहोत. वरचा मैला खाली आणायला स्थानिक माणसं लावू. चढाईपटूंचं लक्ष चढाईवर राहील, आणि गावाला रोजगारही मिळेल."

रोजगार! हा शब्द कुठे कुठे वापरतात बघा.

मी उभी राहिले. म्हटलं, "नाव बाईचं आणि घाण दुसऱ्याच्या पाठीवर, हे जमणार नाही. नियम ठेवा, नाहीतर नाव काढा." संयोजक धावत आले. "ताई, ही वेळ नाही." मी म्हटलं, "मग कोणती? खोली उभी राहिल्यावर?" माइक बंद केला त्यांनी. माझ्या आवाजाला माइक लागत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून लिहायला बसले. तुम्हाला यातलं काही नवीन नाही. पण तिथे बसलेल्या अर्ध्या लोकांना तुम्ही नेमकं काय करत होतात तेच माहीत नव्हतं. उंची सगळ्यांना माहीत होती. काम नाही.

आपली ओळख बर्फात झाली, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी कुठे पहाडात गेले होते. मी आजवर बर्फ पडताना पाहिलेला नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात, बर्फाच्या कारखान्यात भेटलो आपण. मी गेटवर पत्रकं वाटत होते. उघड्या हातांनी बर्फाच्या लाद्या उचलणाऱ्यांना हातमोजे आणि बूट मिळालेच पाहिजेत, अशी मागणी होती आमच्या संघटनेची. एक कामगार म्हणाला, "ताई, आत एक बाई हाये, तिले बी द्या एक. सकाळपासून बर्फात बसून राह्यली. तिचं काई खरं नाई."

आत गेले. लाद्या रचून ठेवायच्या थंड खोलीत मधोमध एक खुराड्यासारखी झोपडी. बांबूच्या दुहेरी तट्ट्या, मधे धानाचं तनस, म्हणजे वाळका पेंढा, दाबून भरलेला, वरून मेणकापड. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्या झोपडीच्या दारातून माकडटोपी घातलेलं एक डोकं बाहेर आलं.

"आत ये नाईतं बाहेर जा. दार उघडं ठेवू नोको, मुश्किलीनं गरम झालं."

मी वाकून आत शिरले. आत तुमच्या शेडमधली माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, सगळ्यांच्या अंगात मिळतील ते स्वेटर, एकानं तर सतरंजी पांघरलेली. तो कवडूभाऊ होता हे मला नंतर कळलं, तुमचा बांबूचा कारागीर. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि थुंकायला जागा नाही म्हणून तोंड फुगवून बसलेला.

"हे काय हाये?" मी विचारलं.

"खोली. पहाडावर चढनाऱ्याइसाठी."

मला पेटायला एवढं पुरलं. "बाहेर लोक उन्हानं पटापट पडून राह्यले अन् तुमी शौकीन लोकाइसाठी बर्फात घर बांधता? काई वाटत नाई तुमाले?"

कवडूभाऊंनी खर्रा गिळला असावा, कारण त्यांना बोलता आलं. "बाप्पा! हे पोट्टी तं आल्या आल्या पेटली. बाई, हिले मधात बसवा. शेगडी लागत नाई आता."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. हात पुढे करून पत्रक मागितलंत, बॅटरीच्या उजेडात पूर्ण वाचलंत. मी वाट बघत होते की आता ही बाई मला वर काय काय दुःखं असतात ते ऐकवणार. तुम्ही म्हणालात, "तीन तीन उद्गारचिन्हं कायले? एकानं ऐकू जात नाई का? अन् हातमोज्याची गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात काऊन लपवली? पहिले त्या मानसाचा हात दाखव. फाटलेला. मंग बोल काय बोलाचं ते."

आमच्या संघटनेत मला कोणी असं बोललं नव्हतं. तेव्हापासून मी पत्रक तसंच लिहिते. आधी हात.

तेवढ्यात माझ्या मानेवर थेंब पडला. मग कवडूभाऊंच्या टकलावर. मग सगळीकडेच. "छप्पर गळून राह्यलं का काय?" कोणीतरी म्हणालं. "अबे, वरतं कारखान्याचं छत हाये, पानी कुठून येईन?" तुम्ही हात वर करून आढ्यावर बोट फिरवलंत, बोट उजेडात धरलंत, आणि तेव्हा हसायला लागलात. एवढ्या हसलात की टोपी डोळ्यांवर आली.

चूक आपल्या मुलखाची होती. उन्हाळ्यात लू चालली की आपण काय करतो? सकाळीच दारं-खिडक्या गच्च, फटीत चिंध्या, पोती. गरम हवा आत आली नाही म्हणजे जिंकलं. कवडूभाऊंनी तेच केलं होतं आणि तुम्हीही त्यांना करू दिलं होतं. फटन् फट मातीनं आणि कोंड्यानं लिंपलेली. "मुंगी जानार नाई, बाई," असं त्यांनी सकाळी छाती फुगवून सांगितलेलं. मुंगी गेली नाही. पण आत बसलेल्यांचा श्वासही बाहेर गेला नाही. तो थंड आढ्याला लागला, त्याचं पाणी झालं आणि आपल्याच डोक्यावर पडलं. तनस भिजलं. भिजलेलं तनस ऊब धरत नाही. वर खऱ्या पहाडात हे झालं असतं तर सकाळपर्यंत खोलीचा बर्फाचा डबा झाला असता, आणि आतल्या माणसांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

"आपन गरमीचे लोक," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. "आपल्याले वाट्टे, बंद केलं का झालं. हा आपलाच श्वास हाये, कवडूभाऊ. बाहेर जाऊ देल्ला नाई तं आपल्याच अंगावर पडते."

"मंग आता भोक पाडाचं काय? एवढं लिंपलं मी!"

"पाडाचं. तुमीच पाडा. तुमच्या हातानं पाडलं तं नीट पडन."

खाली एक झडप, वर श्वास बाहेर जायला एक धुराडं, वारा थेट आत येणार नाही असं वाकडं. त्यासाठी तुम्ही किती वेळा त्या कारखान्यात जाऊन बसलात, मला माहीत नाही. मी पण येऊन बसायला लागले. संघटनेतल्या मित्रांनी विचारलं, तू त्या चढणाऱ्यांच्या बाईकडे काय करतेस? मी सांगितलं, उन्हाळ्यात थंड जागा आहे. ते खोटं होतं. मला तुमचं काम बघायचं होतं.

तुमच्यासारखं काम करणारं माणूस मी पाहिलं नाही, बाई. हे तोंडावर कधी बोलले नाही. तुम्ही बोलू दिलं नसतं.

तुमच्या खोलीची एक एक तट्टी किती रुंद असावी हे तुम्ही कागदावर ठरवलं नाहीत. ती तट्टी वर कोण नेणार? हमाल. मग त्याच्या पाठीएवढी. वाऱ्यात ती शिडासारखी फुगून त्याला दरीत ओढणार नाही एवढी. तुम्ही शेडमध्ये कवडूभाऊंच्या पाठीला तट्टी बांधून त्यांना मोठ्या पंख्यासमोर चालवलंत, आणि ते "बाई, मी उडालो तं माया बायकोले तुमीच सांगाचं" असं ओरडत होते. लोखंड नाही, सिमेंट नाही, हेलिकॉप्टर नाही. जमीन खणायची नाही. पायाच्या जागी बांबूच्या टोपल्या, त्यात तिथलेच दगड. खोलीला वाऱ्यानं नेऊ नये म्हणून दोर, आणि उद्या खोली काढली तर मागे फक्त ते दगड राहावेत. आत शेगडी नाही, कारण बंद खोलीत शेगडीचा धूर माणसं झोपेत मारतो. ऊब माणसांची. म्हणून छत बुटकं आणि झोपायचा माळा वर, जिथे ऊब गोळा होते.

आणि खोली एकच. संस्थेला हमालांसाठी वेगळा कप्पा हवा होता. तुम्ही पाहुण्यांची बडदास्त ठेवावी इतक्या शांतपणे त्यांना म्हणालात, "घालू की भिंत. पण मग दोन्हीकडचे लोक गारठतील. ऊब माणसांच्या संख्येवर आहे." सचिवसाहेबांनी हिशोब बघितला आणि भिंत गेली. मी शेडमध्ये आनंदानं नाचायची बाकी होते. "बाई, हे पत्रकात टाकते!" तुम्ही म्हणालात, "टाकू नोको. त्याइले अजून वाट्टे का हे नुसतं विज्ञान हाये."

तुमच्या त्या गप्प राहण्याचा मला राग यायचा. अजून येतो.

आता ती डब्याची गोष्ट, जिच्यावरून सभागृहात माइक बंद झाला.

चामोर्शीच्या बाजाराचा दिवस होता. शेडच्या बाहेर मिरच्या, कोंबड्या, लाउडस्पीकर. आत टेबलावर तुम्ही संडासाचं चित्र पसरलं होतं. मला समजावून सांगत होतात की वर काहीच कुजत नाही. आपल्याकडे मेलेली म्हैससुद्धा एका पावसाळ्यात मातीला मिळते. तिथे माणसाची घाण वर्षानुवर्षं जशीच्या तशी. ऊन तापलं की वितळून ओढ्यात, ओढ्यातून खालच्या गावाच्या हंड्यात. म्हणून वर काही ठेवायचं नाही. संडासाखाली झाकणबंद ड्रम, भरला की खाली आणायचा. खालच्या गावात खड्डा, तिथे हवा उबदार आहे, कुजतं. चित्र सुंदर होतं. तुमची सगळी चित्रं सुंदर असायची.

मी विचारलं, "ड्रम खाली कोन आनन?"

"हमाल. ठेकेदार मानसं लावन ना."

"कोनती मानसं?"

 पेन्सिल थांबली. कवडूभाऊ बांबू चिरत होते, त्यांचाही कोयता थांबला. बाहेर कोणीतरी कोंबडीच्या भावावरून भांडत होतं.

मग तुम्ही म्हणालात, "माया आजा गावातले मेलेले ढोरं ओढे. दीक्षा घेऊन आला अन् दोर खाली ठेवला. गावानं बोलनं बंद केलं. धान कापाले बोलावनं बंद केलं. वर्षभर घरात अंबाडीच्या भाजीवर काढलं, म्हनते. पन दोर त्यानं पुन्हा उचलला नाई."

"माहीत हाये," मी म्हटलं. "आमच्या घरी बी तेच झालं."

"मंग हे मले सुचलं काऊन नाई? मी दुसऱ्याच्या हातात दोर देऊन राह्यली होती. तो कोनत्या जातीचा असन, कोनत्या मुलखाचा असन, काय फरक पडते?"

खोडरबर घेऊन तुम्ही ड्रम खोडलात. कागदावरची घाण फुंकून टाकलीत. बाई, मी आजवर पुष्कळ मोठ्या माणसांना प्रश्न विचारले. कलेक्टर, आमदार, कंपनीचे मॅनेजर. प्रश्न ऐकून चित्र खोडणारं माणूस एकच भेटलं.

ड्रमच्या जागी आला डबा. दुधाच्या किटलीएवढा, आटे असलेलं झाकण, तळाला चुना आणि लाकडाचा भुसा, पाठीच्या पिशवीला अडकवायला पट्टा. वर जाणाऱ्या प्रत्येकाला एक. हमालाला हमालाचा, साहेबाला साहेबाचा. खालच्या गावातून रिकामा घ्यायचा, खालच्या गावातल्या खड्ड्यावर ज्याचा त्यानं रिकामा करायचा. कवडूभाऊ हातात नमुना फिरवून म्हणाले, "याच्यात कोनी चुकून चटनी नेली तं?" तुम्ही त्यांच्या गालाकडे बोट दाखवून म्हणालात, "तुमी खर्रा बी यातच थुंकाचा, अन् खाली आनाचा." तेव्हा त्यांचं तोंड पडलं. "हे तं जुलूम झाला, बाई."

संस्थेनं डबा मान्य केला, पण करारात एक शेपूट ठेवलं. गरज पडल्यास मजूर लावता येतील. मी म्हटलं, सही करू नका. या एका वाक्यातून सगळं परत येणार. काम सोडा, पत्रक काढू, सगळीकडे वाटू. आजोबांचं सांगा, तुमच्या तोंडून लोक ऐकतील. तुम्ही म्हणालात, "मी सोडलं तं दुसरा कोनी बांधन. तो सिमेंटची बांधन अन् ड्रम ठेवन. अन् मी माया आजाचं नाव सांगून घर बांधत नाई. घर उभं राह्यलं तं तेच बोलन."

"घर बोलत नसते, बाई. मानसाले बोलाव लागते."

"मंग तू बोल. मले बांधू दे."

तुम्ही सही केलीत. मी दार आपटून गेले. तो अख्खा पावसाळा मी शेडची पायरी चढले नाही, आणि तुम्हीही निरोप पाठवला नाहीत. दोघीही आडमुठ्या. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

मग नोर्बूचा फोन आला. नोर्बू म्हणजे वरच्या त्या गावातला हमाल, पहिली खोली उभी करताना तुमच्या सोबत होता. माझा नंबर तुम्हीच त्याला दिला होता. कशासाठी, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तो हिंदीत ओरडून बोलत होता, मागे वारा. "दीदी, आपकी मैडम ने तो कमाल कर दिया!"

खोली उभी राहिली होती. सचिवसाहेब पाहायला वर आले होते, एक मुक्काम झाला, सगळे व्यवस्थित झोपले, आढ्यातून थेंब पडला नाही. सकाळी उतरायची वेळ. सगळ्यांनी आपापले डबे पाठीला अडकवले. तुम्हीही, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. साहेबांचा डबा मात्र दाराजवळच्या खिळ्याला तसाच. साहेब पुढे निघालेले.

तुम्ही दगडावर बसलात. नोर्बू सांगत होता, "कुछ नहीं बोलीं, बस बैठ गईं।" साहेबांनी वळून विचारलं, "सुजाताजी, चलना नहीं है?" तुम्ही म्हणालात, "आपका कुछ रह गया है।" साहेबांना कळलं. त्यांनी एका हमालाकडे मान हलवली. तो पोरगा पुढे झालाही. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. "इनका नहीं है। आपका है।"

वारा वाढत होता, नोर्बू म्हणाला. ढग येत होते. तिथे उशीर म्हणजे धोका. कोणी हललं नाही. साहेब परत आले, वाकले, डबा उचलला. तुम्ही त्यांना पट्टा नीट बसवून दिलात आणि उठलात. "दीदी, हमारे गाँव में आज तक किसी साब ने अपना नहीं उठाया था," नोर्बू म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ नुसता हसत राहिला. मी पण हसले. मग रडले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही परतलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चामोर्शीला आले. माफी मागितली नाही, तुम्हीही मागितली नाहीत. कवडूभाऊंनी मला पाहून नुसतं, "आली का शेगडी?" म्हटलं, आणि तुम्ही माझ्यापुढे दुसऱ्या खोलीचं चित्र सरकवलंत. मी लगेच तोंड उघडलं. म्हटलं, तुम्ही दगडावर बसलात म्हणून साहेब वाकले. छान. पण हा नियम तुमच्या डोळ्यांच्या धाकावर उभा आहे. तुम्ही नसाल त्या दिवशी तो डबा पुन्हा दुसऱ्याच्या पाठीवर जाईल.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तवा तू हायेस ना."

मला वाटलं, विषय टाळताय. मी वाद पुढे ओढला, करारातलं ते शेपूट, ठेकेदार, कायदा. तुम्ही हूं हूं करत रेघा मारत राहिलात. तो वाद तसाच राहिला. त्यानंतर तुम्हाला ताप आला.

मी बरोबर होते, बाई. शोकसभेत, तुमच्या फोटोला घातलेला हार सुकायच्या आत, साहेबांनी ते सिद्ध करून दाखवलं. इतकं बरोबर मी आयुष्यात कधी नव्हते आणि त्याचा मला एवढासुद्धा आनंद झाला नाही. पण तुम्हीही बरोबर होतात. तुम्ही सोडून गेला असतात तर मोडायला नियमच नसता. खोली नसती. नोर्बूला हसायला काही नसतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. दुसऱ्या खोलीच्या तट्ट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, वर पोती. ट्रक यायचा होता. मी कवडूभाऊंना म्हटलं, ट्रक भरू द्यायचा नाही. शेडपुढे बसू. ते खर्रा घोटत होते. "बसू ना. किती दिवस बसाचं? पानी पडलं का तनस भिजन. बाईनं बनवलेली खोली आपनच सडवाची का?"

 शेडमधल्या बाया, पोरं, सगळे माझ्याकडे बघत होते.

साहेबांना फोन लावला. तासभर बोलले, जोरात. शेवटी तुमचं नाव दारावरून काढायचं का, यावर ते अडले. नाव त्यांना हवं होतं. माझ्या गळ्याशी आलेलं एक वाक्य मी गिळलं, तुमच्या लाडक्या गप्प राहण्याला स्मरून, आणि मग ते म्हणाले, ठीक आहे, या मोसमात नियम राहील. पुढचं पुढे बघू. कागदावर? कागदावर नाही. "वर कोणी लक्ष ठेवणारं असेल तर," असंही म्हणाले, जणू मोठी सवलत देत होते.

फोन ठेवला. कवडूभाऊंनी विचारलं, "काय म्हनते?"

"म्हनते, वरतं कोनी लक्ष ठेवनारं पाह्यजे."

"बाई होती तवा बाई जाय. आता कोन जाईन? मी तं मागच्या खेपेले अर्ध्यातून परत आलो, श्वासच पुरला नाई."

"मी जाते."

हसू लोटलं त्यांना. "तू? तुले तं दिवाळीत बी स्वेटर लागते!" मग हसणं थांबलं. आत गेले आणि तुमची माकडटोपी घेऊन आले. मी घेतली नाही. ती तुमच्या घरच्यांकडे जायला हवी. माझ्यासाठी बाजारातून नवी आणली, लाल, फार वाईट रंग.

ट्रक भरला. तट्ट्या, दोर, टोपल्या, डबे. माझा डबा वेगळा, त्यावर मी रंगानं माझं नाव घातलंय. नोर्बूनं फोनवर सांगितलं, हळूहळू चढायचं, पाणी प्यायचं, आणि बोलणं कमी करायचं, दम लागतो. पहिल्या दोन गोष्टी मी पाळणार आहे.

तुमच्यासारखं दगडावर बसून नुसतं बघणं मला जमायचं नाही, बाई. खोली उभी राहिली की दारात उभी राहून मी प्रत्येकाला विचारणार आहे, आपापला डबा घेतला का. साहेब असो, परदेशी असो, मोठ्या घरचा पोरगा असो. विचारणार आणि का ते सांगणार, ज्याला ऐकायचं नाही त्यालासुद्धा. आणि जो रिकाम्या पाठीनं उतरायला लागेल त्याच्या पुढ्यात, पायवाटेवर, बर्फात, आडवी बसणार. आजवर तिथे कोणी रस्ता अडवून बसलं नसेल. थंडीतलं मला काहीच येत नाही. पण रस्त्यात बसणं मला चांगलं येतं.